काचेवरची पासोडी

"पण त्या खोलीत कमी काय आहे, बाबा? तेवढं सांगा ना मला."

दौलतगीर बाबा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ऊब आहे. ओल आहे. हवा खेळती आहे. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. एवढं करूनही ती खात नाही. दिवाळीत खाल्लं, त्यावर आता चैत्र आला..."

"कोण खात नाही?"

"राणी."

बाबांनी शेंग फोडली. दाणे परातीत टाकले.

"राणी कोण?"

"अजगर आहे, बाबा. आफ्रिकेतला. मोठा होत नाही फारसा, हाताएवढाच. मादी आहे."

"हं..." बाबा म्हणाले, आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

विचारणारा हेमराज कानवडे. संगमनेरात कुणालाही स्वयंपाकघर नव्यानं करायचं असलं की पहिलं नाव त्याचं निघायचं. ओटे, ट्रॉल्या, भिंतीतली कपाटं. दुसऱ्याच्या हाताखाली रंधा घेऊन उभा राहणारा पोरगा होता तेव्हापासून तो नदीपलीकडच्या टेकडीवर बाबांच्या मठीत येत असे. आता त्याचं दुकान होतं, माणसं होती, गाडी होती, तरी येणं सुटलं नव्हतं. बाबांचा जुना माणूस म्हणून गावात त्याला मान होता, आणि तो मान त्याला आवडत असे.

मठीतला ओटाही त्यानंच करून दिला होता, शहरातल्यासारखा, बिनआवाजाच्या ड्रॉवरांचा. बाबा त्यावर भाकऱ्या थापत. ड्रॉवर वापरत नसत. मागं एकदा त्यांतल्या एकात मांजर व्यायली, तेव्हा बाबांनी महिनाभर कुणाला त्या ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. हेमराज ही गोष्ट लोकांना हसून सांगे.

सापांचं वेड त्याला पुण्याहून लागलं. एका बंगल्याचं काम घ्यायला गेला असताना दिवाणखान्यात काचेच्या पेटीत साप पाहिला. परदेशी, कायद्यानं पाळता येणारा, रीतसर नोंद केलेला. घरमालक बोलत होता आणि सगळे त्याच्याभोवती गोळा झाले होते. हेमराज परतला तो ते चित्र डोक्यात घेऊनच.

मग त्यानं घरात सापांची खोली बांधायला घेतली. माणसांच्या हाती दिली नाही. दुकान बंद करून आल्यावर स्वतः करवत हातात घ्यायचा. खिडकी प्लायनं बंद केली. छताला थर्माकोल, त्याखाली पीओपी. दाराच्या फटीला ब्रशची पट्टी, म्हणजे मुंगीसुद्धा आत येऊ नये की बाहेर जाऊ नये. पेट्यांच्या तळाशी गरम होणाऱ्या चटया, त्यांना आपोआप बंद-चालू करणारं यंत्र, वर जाळी, कुलपांच्या सरकत्या काचा. तीन पेट्यांत मक्याच्या रंगाचे तांबूस साप, आणि मधोमध चौथी, सगळ्यात मोठी पेटी राणीची. कोपऱ्याकोपऱ्यांत दिवे. समोर सोफा.

खोटं कशाला सांगा, काम देखणं झालं होतं.

"दिसते का ती?" बाबांनी विचारलं.

"दिसते म्हणजे काय! चारी बाजूंनी काच आहे. कुठूनही बघा."

"आणि तिला?"

"तिला काय?"

"तिला काय दिसतं?"

हेमराज हसला. "तिलाही सगळं दिसतं की, बाबा."

बाबांनी फोलपटं गोळा केली. पाटीत भरली. उठून चुलीपाशी ठेवून आले.

"रविवारी येतो," ते म्हणाले.

हेमराजला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बाबा कुणाच्या घरी जात नसत. आमदाराचा माणूस गाडी घेऊन आला होता, तरी गेले नव्हते.

तो टेकडी उतरला तो फोन कानाला लावूनच.

*

रविवारी दुपारी घर भरलं होतं. फरशीवाले नितीनशेठ सहकुटुंब आले होते. व्यापारी मंडळातले आणखी काही जण होते. बाबांचे पाय सापांच्या खोलीला लागणार, ते बघायला सगळे आले होते.

हेमराजच्या घरात शिरलं की नजर थेट मागच्या अंगणापर्यंत जायची. मधल्या भिंती त्यानं एकेक करून पाडल्या होत्या. स्वयंपाकघराला दार नव्हतं. झोपायच्या खोलीला सरकती काच होती. "घर कसं मोकळं पाहिजे," तो गिऱ्हाइकांना सांगे आणि स्वतःचं घर दाखवे.

बाबा आले. काठी दाराशी ठेवली, खांद्यावरची पासोडी सावरली. वैजयंतानं, हेमराजच्या बायकोनं, त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

"बरी आहेस का, लेकी?"

"बरी आहे, बाबा."

बाबांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ती तांब्या उचलून आत गेली.

हेमराजनं सापांच्या खोलीचं दार उघडलं. सगळे दिवे एकदम लागले. बायका "अगंबाई!" म्हणाल्या.

तांबूस सापांपैकी एक काचेवर नाक घासत इकडून तिकडे जात होता. त्याच्या नाकाचं टोक सोलवटलं होतं. मधल्या पेटीत राणी वेटोळं करून पडली होती. वेटोळं म्हणजे अगदी चेंडूच. डोकं आत, सगळ्यात आत.

"तोंड कुठाय हो तिचं?" नितीनशेठ म्हणाले, आणि त्यांनी काचेवर अंगठीनं टकटक केली.

चेंडू आणखी आवळला.

"बघा, लाजते!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. हेमराजही हसला.

बाबा हसले नाहीत. ते खोलीभर बघत होते. जिथं खिडकी होती त्या जागेवर त्यांनी तळवा ठेवला.

"इथं आधी काय होतं?"

"काही नाही, बाबा. रिकामीच होती. अडगळ होती थोडी."

पन्ह्याचे पेले घेऊन वैजयंता तेवढ्यात दारात आली होती. ती थांबली. मग आत आली.

"डॉक्टरांना दाखवलंस?" बाबांनी विचारलं.

"दाखवलं ना. नाशिकहून बोलावले होते."

"काय म्हणाले?"

डॉक्टर काय म्हणाले होते ते हेमराजला शब्द न् शब्द आठवत होतं. जनावर निरोगी आहे, ते म्हणाले होते. पण त्याला दडायला जागा नाही. एखादं खोकं उपडं घाला, अंग जाईल एवढं भोक ठेवा, आपण होऊन खाईल. आणि हेमराजनं खोकं केलंही होतं, चांगलं सागवानी. राणी त्यात गेली ती बाहेर दिसेना. त्याच आठवड्यात नितीनशेठ पाहुणे घेऊन आले. काचेत नुसतं खोकं. "साप कुठाय?" पाहुण्यांनी विचारलं. "सुतारकाम बघायला आणलंत होय आम्हाला?" कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमराजनं खोकं काढून घेतलं. राणी सुटेना. आतल्या बाजूला अंग दाबून बसली होती. तिला ओढून, एकेक वेढा सोडवून बाहेर काढावी लागली. वैजयंता दारात उभी राहून बघत होती.

आता सगळे उत्तरासाठी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"काही नाही म्हणाले, बाबा. सगळं उत्तम आहे म्हणाले. अशी खोली मी कुठं पाहिली नाही, म्हणाले."

शेवटचं वाक्य डॉक्टर खरंच म्हणाले होते.

ताटातले पेले एकमेकांना लागून किणकिणले.

हेमराजनं वळून पाहिलं. वैजयंता ताट सावरत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, एवढंच. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"काय वहिनी?" नितीनशेठ पेला उचलता उचलता म्हणाले. "बघा, डॉक्टरसुद्धा खूश! खरं ना?"

वैजयंतानं मान खाली घातली.

"हो," ती म्हणाली.

त्या एका 'हो'नं हेमराजच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपण बोललो तेव्हा काही वाटलं नव्हतं. धंद्यात असं किती बोलावं लागतं. पण तिनं ते खोटं उचललं, आपलं म्हणून, एवढ्या माणसांत, गुरूसमोर... तिनं ताट त्याच्यापुढे धरलं. त्याला पेला उचलवेना.

आता बाबा बोलतील, त्याला वाटलं. बाबांना कळलं आहे. आता सगळ्यांसमोर...

बाबांनी खांद्यावरची पासोडी काढली. झटकली. आणि राणीच्या पेटीवर टाकली. पुढून, बाजूंनी, मागून नीट ओढून घेतली. काच कुठं दिसेनाशी झाली.



"बाबा," नितीनशेठ म्हणाले, "मग आता आम्ही काय बघायचं?"

"पन्हं प्या," बाबा म्हणाले.

लोक पन्हं प्याले. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. बाबा आता काही म्हणतील, मंत्र पुटपुटतील, अंगारा लावतील. बाबा सोफ्यावर बसून राहिले होते, पाय वर घेऊन, डोळे मिटून. पासोडीच्या जाड विणीकडे किती वेळ बघणार? एकेक जण घड्याळ बघू लागला. नितीनशेठ सगळ्यात शेवटी गेले, आणि जाताना हेमराजच्या खांद्यावर थाप मारून गेले. ती थाप त्याला चटका बसावा तशी लागली.

*

"दिवे," बाबा म्हणाले.

हेमराजनं दिवे घालवले. यंत्रावरचा एक लाल ठिपका तेवढा राहिला.

तो सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. अंग चोरून. गुडघे पोटाशी, मान गुडघ्यांत जायची बाकी. या खोलीत बसून त्यानं किती माणसांना किती गोष्टी सांगितल्या होत्या. आज त्याला खोकायचीही चोरी वाटत होती.

बराच वेळ गेला.

मग आवाज आला. पासोडीखालून. सुक्या पाचोळ्यावरून कुणी बोट फिरवावं, एवढाच. थांबला. पुन्हा आला. राणी वेटोळं सोडून हिंडत होती.

हेमराजनं तो आवाज कधी ऐकला नव्हता. तो ताडकन उठला. पासोडीचं टोक उचलायला त्यानं हात घातला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

आवाज बंद पडला होता.

बाबांनी मनगट सोडलं नाही. हेमराज तसाच वाकून उभा राहिला. पुष्कळ वेळानं तो आवाज पुन्हा सुरू झाला, तेव्हा कुठं बाबांची पकड सैल झाली. तो परत येऊन बसला.

"बाबा..."

"हं."

"मी खोटं बोललो. डॉक्टर वेगळं म्हणाले होते."

"ऐकलं मी."

"तुम्हाला कळलं होतं?"

"पेले वाजले तेव्हाच."

"मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीत? बोलायला हवं होतंत. माझी लायकी तीच होती."

अंधारात बाबांचं तोंड पासोडीकडे होतं.

हेमराजनंही तिकडे पाहिलं.

"आणि वैजयंता? ती 'हो' का म्हणाली?"

"ते मला विचारतोस होय?"

हेमराज उठला.

स्वयंपाकघरात वैजयंता नव्हती. पेले धुऊन पालथे घातलेले होते. तो मधोमध उभा राहिला. तिथून सगळं घर दिसत असे, त्यानंच तसं केलं होतं. बैठक रिकामी. काचेपलीकडे पलंग रिकामा. न्हाणीघराचं दार उघडं. मागच्या अंगणात दोरीवर कपडे, माणूस नाही.

"वैजू!" त्यानं हाक मारली.

तिच्या चपला दाराशीच होत्या.

एवढ्या मोकळ्या घरात बायको कुठं असेल ते आपल्याला ठाऊक नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. आज नाही, रोजच. दुपारी तो दुकानात असायचा. कधी मधेच घरी आला तर ती ओट्यापाशी असायची, जणू सगळा वेळ तिथंच होती. तिथं येण्याआधी ती कुठं होती, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

अंगणातून गच्चीवर लोखंडी जिना जात होता. हेमराज त्यावर फार दिवसांत चढला नव्हता. टाकीचं काही निघालं तर प्लंबर चढायचा.

तो वर गेला.

गच्ची उन्हानं पेटलेली. कोपऱ्यात पाण्याची काळी टाकी. टाकीच्या नळापासून कठड्यापर्यंत एक जुनं लुगडं आडवं बांधलं होतं, विटलेलं, मोरपंखी. त्याच्या आड हातभर सावली. सावलीत एक खाट, तिचा एक पाय विटेवर. खाटेखाली लोखंडी पेटी.

खाट आणि पेटी त्यानं ओळखली. खोली करायला घेतली तेव्हा माणसांना सांगितलं होतं त्यानंच, "ही अडगळ वर टाका."

साप येण्याआधी त्या खोलीत वैजयंता दुपारची कामं आटोपून जायची आणि दार लावून घ्यायची. किती वर्षं. आत काय करते ते तिनं कधी सांगितलं नाही. झोपत असेल, त्याला वाटायचं. खोली घेतो म्हणाला तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "सगळीच लागेल का?" आणि त्यानं टेप उलगडून तिला मापं दाखवली होती.

लुगड्याच्या खालच्या काठाखाली तिची पावलं दिसत होती. एकावर एक घेतलेली. बोटं आत वळवलेली. बाकी काही दिसत नव्हतं.

म्हणजे तेव्हापासून. मागचा उन्हाळा. मधला पावसाळा. त्या पावसाळ्यात खाली, तिच्या खोलीत, सापांना ओल किती हवी ते बघायला तो तासातासाला काटा तपासत होता.

आपल्याला कुणी बघत नाही ना, असं त्यानं उगाच आजूबाजूला पाहिलं. मग त्या पाहण्याचीही त्याला लाज वाटली. "इथं आधी काय होतं?" बाबांनी विचारलं होतं, आणि तिच्यासमोर, तिच्या हातात पाहुण्यांचं ताट असताना, आपण म्हणालो होतो, काही नाही. डॉक्टरांबद्दल खोटं बोललो ते निदान खोटं आहे हे ठाऊक तरी होतं.

तो पुढे निघाला. काय बोलणार होता, ते त्यालाही माहीत नव्हतं. पाया पडला असता, रडला असता.

खांद्यावर हात पडला.

बाबा कधी वर आले ते कळलंच नव्हतं. ते अनवाणी होते. उन्हानं तापलेल्या गच्चीवर तसेच उभे होते.

हेमराज वळला. डोळे भरले होते. तो कुजबुजत बोलू लागला, आणि बोलायला लागल्यावर त्याला थांबवेना.

"बाबा, आजच. आजच ती खोली मोकळी करतो. साप त्या पुण्याच्या माणसाकडे देतो, त्याच्याकडे जागा आहे. आणि तिला अशी खोली करून देतो... पूर्वेला मोठी खिडकी काढतो, पार जमिनीपर्यंत काच. सरकतं दार. छतात दिवे. भिंतीला कपाटं, तिच्या उंचीची. अख्ख्या संगमनेरात कुणी..."

बाबा त्याच्याकडे बघत होते. नुसते बघत होते.

हेमराजचा आवाज खाली खाली येत गेला. 'कुणी'च्या पुढं काय म्हणणार होतो, ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्यानं तोंडावर हात ठेवला.

लुगड्याआड पावलं हलली. एक पाऊल दुसऱ्यावरून उतरलं, लांब झालं. बोटं सुटी झाली. ती आडवी झाली असावी.

दोघं उभे होते. खालच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"मग मी काय करू, बाबा?" हेमराजनं विचारलं. शब्द ओठांबाहेर जेमतेम आले.

बाबा जिन्याकडे वळले. त्यांनी कठड्याला धरून पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं, आधी टाच, मग चवडा.

"हळू उतर," ते म्हणाले. "जिना वाजतो."